सरकीसाठी एक्सपेलर की सॉल्व्हंट प्रकल्प? खानदेशातील जिनिंगधारकासाठी आर्थिक तुलना

धरणगाव, चोपडा, जामनेर या पट्ट्यात जिनिंग चालवणाऱ्याने सरकी तशीच विकण्याऐवजी तिचे तेल काढायचे ठरवले, तर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात: एक्सपेलरची, म्हणजे यंत्राने दाबून तेल काढणारी तेलगिरणी किंवा हेक्झेन हे तेल विरघळवणारे द्रव वापरणारा सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन प्रकल्प. प्रकल्प अहवालांत सॉल्व्हंटची बाजू सहसा एकाच मुद्द्यावर भक्कम दाखवली जाते, तो म्हणजे एक्सपेलरच्या ढेपेत सहा ते आठ टक्के तेल उरते आणि सॉल्व्हंटनंतर ते जेमतेम एक टक्का राहते. हे खरे आहे. पण ढेपेतले तेल वाया जात नाही, ते ढेपेच्या भावाने विकले जाते, ही बाब अहवालात क्वचितच येते.

उदाहरणासाठी तेलाचा भाव किलोला 100 रुपये आणि ढेपेचा 30 रुपये धरू. सात टक्के तेल असलेल्या 100 टन ढेपेची किंमत 30 लाख रुपये होते. सॉल्व्हंटने तिच्यातून सुमारे 6 टन तेल, म्हणजे 6 लाख रुपये मिळतात आणि 94 टन तेलविरहित ढेप उरते. ती ढेप किलोला साधारण साडेपंचवीस रुपयांपेक्षा कमी भावाने गेली, तर वाफ, वीज, हेक्झेनची घट आणि मजुरी मोजण्याआधीच तोटा होतो. आपल्याकडचा दूध उत्पादक तेलकट ढेप पसंत करतो, आणि गॉसिपॉल या सरकीतील विषारी घटकामुळे कोंबडीखाद्यात या ढेपेचा वापर मर्यादित राहतो, त्यामुळे गिऱ्हाईक मुख्यतः पशुखाद्य कारखाने हेच उरते. माझ्या मते सगळा निर्णय या एका भावफरकावर उभा आहे.

भांडवलाच्या बाबतीत रासायनिक प्रकल्पांचा एक जुना ठोकताळा सांगतो की क्षमता दुप्पट केल्यास यंत्रसामग्रीचा खर्च सुमारे दीडपटच होतो. म्हणून मोठा सॉल्व्हंट प्रकल्प प्रतिटन स्वस्त दिसतो, परंतु तो स्वस्तपणा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तरच हाती लागतो. सरकीची आवक दिवाळीनंतरच्या काही महिन्यांत एकवटलेली असते. उरलेल्या काळात घसारा, कर्जाचे व्याज, कुशल कामगारांचे पगार आणि विमा मात्र थांबत नाहीत. एक्सपेलर गिरणी हंगामापुरती चालवून बंद ठेवता येते, तिच्या वर्म (सरकी दाबणारा फिरता स्क्रू) आणि केज (त्याभोवतीचा पिंजरा) यांची झीज हाच तिचा मोठा देखभाल खर्च असतो. सॉल्व्हंटला अग्निसुरक्षा व हेक्झेन साठवणुकीचे परवाने लागतात, कारण हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड आणि अत्यंत ज्वलनशील असते.

खेळते भांडवल दोन्हीकडे मोठे असते, कारण हंगामात रोखीने सरकी घेऊन साठवावी लागते आणि ओली सरकी तापली तर तेलातील आम्लता वाढते. अहवालात हा आकडा कमी धरला, तर केवळ परतफेडीचा कालावधी पाहून प्रकल्प आकर्षक वाटतो. त्याऐवजी कर्जाच्या व्याजदरापेक्षा कमी नसलेल्या दराने प्रत्येक वर्षाची रोकड आजच्या मूल्यात आणावी आणि ढेपेचा भाव दहा टक्के घसरला, तसेच प्रकल्प निम्म्या क्षमतेने चालला, असे दोन हिशेब वेगळे करावेत.

सॉल्व्हंटची निवड मला एकाच परिस्थितीत योग्य वाटते: हंगाम संपल्यावर सोयाबीनसारखा दुसरा कच्चा माल निश्चित मिळत असेल आणि पशुखाद्य कारखान्याने ढेपेच्या खरेदीचा लेखी करार दिला असेल. एरवी खानदेशातील मध्यम जिनिंगधारकाने एक्सपेलरच घ्यावा, आणि जागेची आखणी करताना सॉल्व्हंट विभागासाठी गोदामे व बॉयलरपासून दूर, मोकळी जागा राखून ठेवावी.