लक्ष्मीनगरातल्या मॅडमनी आखून दिलेला आमचा युरोप

नागपूरच्या लक्ष्मीनगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर या मॅडमचं ऑफिस आहे. त्या तिकिटं विकत नाहीत, टूरही नेत नाहीत. सहलीची आखणी करून देतात आणि तिचे पैसे घेतात. आम्हा चौघांचे, म्हणजे मी, आमची सौ., दादा आणि वहिनी, मिळून 18,000 रुपये झाले. दादा तिथेच पुटपुटला, "नुसत्या कागदाचे अठरा हजार? बाप्पा!" आता सहल करून आलो आहोत. पैसे वसूल झाले, पण सगळंच काही पटलं नाही.

माझी नोकरी मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात, कंट्रोल ऑफिसात गेली. वेळापत्रक पुढ्यात आलं की माझी नजर गाड्यांवर नाही, दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या वेळेवर जाते. दादाने एका टूर कंपनीचं पत्रक आणलं होतं: सात देश, बारा दिवस, सगळं बसने. पॅरिसहून निघून ब्रसेल्स पाहून रात्री अ‍ॅमस्टरडॅम. हे अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. तिकडे बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं विश्रांती द्यावीच लागते आणि दिवसाला नऊ तासांच्या वर चालवता येत नाही, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. आमच्या रनिंग स्टाफसारखाच (गाडीवर चालणाऱ्या ड्रायव्हर-गार्डसारखाच) नियम, चांगलाच आहे. पण त्या हिशेबात ब्रसेल्सच्या वाट्याला एक फोटो आणि एक वॉफल, एवढंच उरतं.

मॅडमनी ते पत्रक हातात घेतलं आणि लाल पेनने एकाच ओळीला गोल केला: "रात्री 8, आयफेल टॉवरची रोषणाई." म्हणाल्या, "काका, तुम्ही जूनमध्ये जाताय ना? तिथे तेव्हा सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. आठ वाजता रोषणाई कुठून दिसणार?" त्या वाक्यावर मी पैसे भरायला तयार झालो.

कोणती शहरं पाहायची हे त्या विचारतच नाहीत. विचारतात, रात्री किती? आमच्याकडे चौदा होत्या. शहर बदललं की अर्धा दिवस गेला, हे त्यांनी आधीच वजा केलं. बॅगा भरा, सकाळी खोली सोडा, स्टेशन गाठा, उतरल्यावर हॉटेल शोधा, आणि खोली मिळणार दुपारी दोन-तीनला. मग लिहिलं: पॅरिस चार, लाउटरब्रुनेन (स्वित्झर्लंडमधलं डोंगरातलं गाव) तीन, फ्लोरेन्स तीन, रोम चार. अ‍ॅमस्टरडॅम, ब्रसेल्स, प्राग, व्हिएन्ना सगळं कापलं. व्हेनिसही. त्यावर वहिनी ऑफिसातच म्हणाल्या, "एवढ्या दूर जाऊन व्हेनिस नाही पाहायचं, तर कायले जाऊन राहिलो आपण?" मॅडम नुसत्या हसल्या.

विमान मुंबईहून जायचं पॅरिसला आणि परतायचं रोमहून. जाऊन-येऊन एकाच शहराचं तिकीट स्वस्त पडतं, हे दादाचं ठाम मत. मॅडमनी दोन्ही भाडी शेजारी मांडली आणि दुसऱ्या रकान्यात रोमहून पॅरिसला परत येण्याचा खर्च आणि वाया जाणारा दिवस मिळवला. दादा चूप.

खरं काम व्हिसात दिसलं. आम्ही उतरणार फ्रान्समध्ये, म्हणून दादा फ्रान्सचाच फॉर्म घेऊन बसला होता. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा नियम मात्र असा की जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखे निघाले, तरच आधी कुठे उतरता ते पाहतात. आमच्या चार रात्री फ्रान्स, तीन स्वित्झर्लंड आणि सात इटली. म्हणजे अर्ज इटलीकडे. फी माणशी 90 युरो, आणि ती व्हिसा नाकारला तरी परत येत नाही. शिवाय किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मॅडमनी प्रत्येक रात्रीच्या हॉटेलचा कागद तारखेच्या क्रमाने लावून दिला. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं.

गाड्यांचं नियोजन मात्र मी भिंग लावून तपासलं, जुनी खोड. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून टीजीव्हीने (फ्रान्सची वेगवान गाडी) स्वित्झर्लंडमधलं बाझल सुमारे तीन तास, तिथून इंटरलाकेन ओस्ट दोन तास, मग वीस मिनिटांत लाउटरब्रुनेन. पॅरिसला प्लॅटफॉर्मचा नंबर गाडी सुटायच्या वीसेक मिनिटं आधी लागतो आणि दारं दोन मिनिटं आधी बंद होतात, हे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. हमाल नाहीत, हेही. "एका माणसामागे एकच बॅग, आणि ती स्वतः डब्यात चढवता आली पाहिजे." वहिनींचे गुडघे पाहता ही सूचना सोन्याची ठरली.

स्वित्झर्लंडहून फ्लोरेन्सला जाताना श्पीत्सला गाडी बदलून मिलान आणि मिलानहून फ्लोरेन्स. वाटेत 34.6 किलोमीटरचा ल्योट्शबर्गचा बोगदा, मग 1906 साली उघडलेला सिंप्लॉन, जवळजवळ वीस किलोमीटरचा. सौ. झोपली होती, मी खिडकीला नाक लावून अंधार पाहत होतो. आता मुद्दा असा की मिलानहून पुढच्या हाय-स्पीड गाडीचं स्वस्त तिकीट त्याच गाडीला चालतं, ती चुकली की तिकीट गेलं. आणि सीमेपलीकडून येणाऱ्या गाड्या उशिरा पोचतात. मॅडमनी तिथे सव्वा तासाची फट ठेवली होती. ॲपवर वीस मिनिटांची जोडणी दिसत होती, ती त्यांनी मुद्दाम टाळली. आमची गाडी उशिरा पोचली, तरी आम्ही प्लॅटफॉर्मवर बसून घरचे मेथीचे पराठे खाल्ले. कंट्रोलमध्ये असं मार्जिन ठेवणारा माणूस मिळाला असता, तर माझं रक्तदाब वाढणं थोडं लांबलं असतं.

बंद वारही नीट पाहिलेले होते. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, फ्लोरेन्सचं उफिझी हे चित्रसंग्रहालय सोमवारी, व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). कोलोसियमच्या तिकिटावर नाव छापलेलं असतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रोममध्ये चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ वाहते आहेत. हे सगळं आखणीत होतं.

युंगफ्राउयोख, म्हणजे रेल्वेने जाता येणारी आल्प्समधली बर्फाळ खिंड, त्यांनी पक्कं केलं नाही, ऐच्छिक ठेवलं. उंची 3,454 मीटर, दादाला बीपी, आणि भाडं भरून वर जाऊन नुसतं धुकं दिसलं तर? सकाळी वरचा कॅमेरा फोनवर पाहायचा आणि ठरवायचं. आम्ही त्याऐवजी कड्यावरच्या म्युरेन गावाला गेलो. लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्रुट्शआल्प, मग कड्यावरून धावणारी छोटी मीटरगेज गाडी. गावात मोटारी नाहीत. माझ्यासाठी सगळ्या सहलीतला सर्वांत चांगला तास त्या गाडीतला. स्विस हाफ फेअर कार्ड काढा हा सल्लाही त्यांचाच, त्याने तिकडची बहुतेक तिकिटं निम्म्यावर आली.

आता जे पटलं नाही ते. पॅरिसच्या हॉटेलला लिफ्ट आहे असं लिहिलं होतं. होती, पण रस्त्यापासून अर्धा जिना चढल्यावर. जुन्या इमारतींत असं असतं म्हणे, पण गुडघ्यांचं पहिल्या दिवशी सांगितलेलं असताना त्यांनी हॉटेलला एक फोन करायला हवा होता. खोलीत एसीही नव्हता. नागपूरचा मे सोसून गेलेल्या माणसाने पॅरिसच्या उन्हाची तक्रार करू नये, तरी बंद खोलीत रात्री घामाच्या धारा लागल्याच.

जेवणाबद्दल सगळ्या आखणीत एकच ओळ: "जवळपास शाकाहारी पर्याय उपलब्ध." कुठे, किती वाजेपर्यंत, काही नाही. आमच्यासारख्या घरांना हीच माहिती आधी लागते. वहिनींनी नेलेलं मेतकूट, तिखट-मीठ लावलेल्या पुऱ्या आणि कोऑप दुकानातलं दही यांवर स्वित्झर्लंड निघालं.

फोनवर मदत मिळते, पण आपल्या संध्याकाळी सहापर्यंतच. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ साडेतीन तास मागे, म्हणजे तिथे दुपारचे अडीच वाजले की तुम्ही आणि तुमचं नशीब. अडचणी नेमक्या त्यानंतर येतात.

आणि फ्लोरेन्सच्या तीन रात्री आम्हाला जास्त झाल्या. मिकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा पाहून मी थक्क झालो, पण दुसऱ्या दिवशी उफिझीतली चित्रं पाहता पाहता दादा बाकावर बसला तो उठलाच नाही. फ्लोरेन्सहून व्हेनिस गाडीने सव्वादोन तास. एक दिवस जाऊन येता आलं असतं, मी वेळापत्रक पाहिलं होतं. वहिनी अजून तो विषय काढतात.

भेट आधी वेळ घेऊनच होते. युरोपला जायच्या किमान चार-पाच महिने आधी जा, नाहीतर स्वस्त गाड्या आणि व्हिसाच्या तारखा दोन्ही हातच्या जातात. आपल्या रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, त्या हिशेबाने चालू नका. पासपोर्ट, घरातल्यांच्या दुखण्यांची यादी आणि कोण काय खात नाही ते कागदावर लिहून न्या. व्हेनिस हवंच असेल तर पहिल्याच भेटीत आग्रह धरा, एकदा आराखडा झाला की मॅडम बदलत नाहीत.