टिन हायड्राइड की निळा एलईडी?
रेणूतलं ब्रोमिन काढायची रॅडिकल रिअॅक्शन (एकट्या इलेक्ट्रॉनवाल्या तुकड्यांमार्फत चालणारी) म्हटलं की जुन्या लोकांना ट्रायब्युटिलटिन हायड्राइडच आठवतं, आणि खरं सांगायचं तर ते चालतंच, चिमूटभर एआयबीएन (तापल्यावर रॅडिकल सुरू करून देणारी पूड) टाका, टोल्युइनमध्ये ८० अंशांवर तापवा, ब्रोमिन निघून हायड्रोजन बसतो. पण नंतरचं रडगाणं! टिन विषारी, वर कॉलमवर (शुद्ध करायच्या नळीत) प्रॉडक्टला असं चिकटून येतं की पोटॅशियम फ्लोराइडने धुवूनही थोडं उरतंच, आणि औषध बनवायचं असेल तर हे चालणारच नाही.

फोटोरेडॉक्सचं, म्हणजे प्रकाशाने इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण घडवून रिअॅक्शन चालवण्याचं, तसं नाही. २००८-०९ मध्ये मॅकमिलन, यून, स्टीफन्सन या रसायनशास्त्रज्ञांच्या कामानंतर हे जोरात आलं. रुथेनियमचं थोडंसं कॅटॅलिस्ट, एक अमाइन (इलेक्ट्रॉन देणारं नायट्रोजनचं संयुग), साधा निळा किंवा पांढरा प्रकाश, रूम टेंपरेचरला काम. रुथेनियम महाग आहे हो, पण काही ठिकाणी इओसिन वाय सारखा स्वस्त रंगही चालतो.

फक्त एक गोची आहे, कार्बोनिलशेजारचं (C=O गटाला लागून असलेलं) ब्रोमाइड पटकन तुटतं, साधं अल्किल ब्रोमाइड (नुसत्या कार्बन साखळीवरचं) मात्र रुथेनियमला दाद देत नाही, तिथे टिन अजून भारी. शिवाय मोठ्या फ्लास्कमध्ये प्रकाश आतपर्यंत पोचत नाही, मग फ्लो रिअॅक्टरच्या (मिश्रण सतत वाहतं ठेवणाऱ्या) बारीक नळ्या लागतात. तरी मी आधी एलईडीच लावून बघेन, टिनची बाटली शेवटी.