जंगलातले मोठे प्राणी मोजायचे तर मचाण, कॅमेरा की ट्रान्झेक्ट (रेघेवरून चालत मोजणी)?

ताडोबा नाहीतर नागझिऱ्याच्या बफरमधली, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातली, ग्रामसभा आपल्या वनहक्काच्या जंगलातले प्राणी मोजायचं म्हणते तेव्हा पोरं आधी कॅमेऱ्याचंच नाव घेतात, काहून की वाघाचा फोटो येतो. पण मोजायचं कोणाला हे आधी ठरवा.

वाघ-बिबट असेल तर कॅमेराच, वादच नाही. दर वाघाचे पट्टे वेगळे, आणि डावी बाजू उजवीसारखी नसते म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना गुडघाभर उंचीवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे जोडीनं बांधतात. देशातली व्याघ्रगणना २००६ पासून मुख्यतः यावर चालते. पण सांबर, रोही (नीलगाय), डुक्कर फोटोत सगळे सारखेच, एकच सांबर दहादा आलं की दहा सांबरं आली हे कोण सांगणार? वरून कॅमेऱ्याचा सेन्सर जनावराच्या अंगाच्या अन् भोवतालच्या गरमीतला फरक पकडतो, आपल्याकडं मे महिन्याच्या दुपारी दगडही अंगाएवढाच तापलेला असतो, फरकच उरत नाही, जनावर समोरून जातं अन् फोटोच निघत नाही. चोरीची धास्ती वेगळीच.

बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यावर मचाणात बसून मोजणं पोरांना जंगलाची गोडी लावायला लाख मोलाचं, पण त्या आकड्यावर विसंबू नका. एकच गवा रात्रीतून दोन पाणवठ्यांवर मोजला जातो, अवकाळी पाऊस पडला की पाणवठ्यावर कोणी येतच नाही. वनविभागही आता त्याला निसर्गानुभवच म्हणतो.

चितळ, सांबर, गवा, रोही यांच्यासाठी माझं मत ट्रान्झेक्टलाच. दोनेक किलोमीटरची सरळ रेघ आखायची, गाडीरस्त्यानं नाही, अन् उजाडता उजाडता दोघा-तिघांनी गुपचूप चालायचं. कळप दिसला की जागीच थांबायचं, डोकी मोजायची, रेंजफाइंडरनं (अंतर मोजायच्या यंत्रानं) अंतर अन् कंपासनं कोन घ्यायचा, तेही जनावर पहिल्यांदा जिथं दिसलं तिथलं, पळून जाऊन थांबलं तिथलं नाही. यावरून रेघेपासूनचं आडवं अंतर निघतं, अन् न दिसलेली जनावरं किती असतील याचा हिशोब त्यावरच उभा आहे. बांबूच्या रांजीत कमी दिसतं तेही या हिशोबात धरलं जातं. एका फेरीत भागत नाही, तीच रेघ पुन्हा पुन्हा चालावी लागते, कळप कमी दिसले तर हिशोब लंगडा पडतो. रात्री फिरणाऱ्या अस्वलासाठी मात्र ही पद्धत कामाची नाही.

वनविभागाला सोबत घ्या अन् जानेवारीतच उरका. नंतर सागाचा पाला गळतो, पाय पडला की कर्रर्र वाजतो अन् चितळ दिसायच्या आधीच पळतं, मग आकडा खोटाच कमी येतो. मार्चमध्ये मोहफुलं वेचायला अख्खं गाव पहाटेच जंगलात असतं.