हजार किलोमीटर पळवली, मग उघडली: आमच्या पद्मिनीच्या ओव्हरहॉलचा रिव्ह्यू

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी १९७८ ची, बाबांनी घेतलेली, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये इंजिन आणि ब्रेकचं पूर्ण काम करून घेतलं, नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. पण यांची एक पद्धत मला मनापासून आवडली, काम झालं की चावी देऊन मोकळे होत नाहीत, हजार किलोमीटर पळवून परत आणायला सांगतात आणि मग तुमच्यासमोर उघडून मोजतात.

एप्रिलमध्ये निघालो, पुणे, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली उतरून पणजी आणि त्याच रस्त्याने परत. मेस्त्रींनी एक वही दिली होती, दर १०० किमीला थांबायचं, ऑइलची पट्टी बघायची, चारही चाकांच्या ब्रेक ड्रमला हात लावून कुठला जास्त तापलाय ते लिहायचं. कंटाळवाणं वाटतं पण करा, कारण सगळे दोष आधी त्या वहीतच सापडले.

खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला आणि माथ्यावर गाडी बंद. पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला, तिथल्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होते, ओलं फडकं ठेवलं, वीस मिनिटांनी चालू झाली. मला वाटलं ऊन आहे म्हणून, पण खरं कारण नंतर कळलं. डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) नवीन पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, टाकले होते आणि ते उघडणाऱ्या कॅमला ग्रीसच लावलं नव्हतं, त्यामुळे पॉइंटची टाच घासली, गॅप कमी झाली, टायमिंग मागे पडलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडायला लागली, आणि इंजिन विनाकारण तापत राहिलं. ही चूक सरळ गॅरेजची. मेस्त्रींनी ती लगेच कबूल केली, नवीन पॉइंटचे पैसे घेतले नाहीत.

आंबोली उतरताना मात्र खरंच घाबरलो, ब्रेकचं पॅडल हळूहळू खाली जायला लागलं, मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिनवर उतरवली. खाली बघतो तर मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ब्रेक ऑइलने ओली. सावंतवाडीत व्हील सिलेंडरमध्ये (ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक दाबणारा चाकातला भाग) तात्पुरतं रबरचं किट टाकलं. तिथे काढलेलं नवंकोरं रबर पुण्यात बघितलं तर कडेने फाटलेलं, म्हणजे ४५ वर्षांचं लोखंड टिकलं आणि या कामात टाकलेलं रबर हजार किलोमीटरसुद्धा नाही टिकलं. पाण्याच्या पंपाचं नवं सील पण झिरपत होतं. पार्ट स्वस्तातले वापरलेत असं माझं स्पष्ट मत आहे आणि ब्रेकच्या बाबतीत हे मला अजिबात मान्य नाही.

इंजिनचं काम मात्र उत्तम. ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळलं, बेअरिंग झिजून येणारी धातूच्या कणांची चकाकी कुठेच नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब, तीन सिलेंडरला १३० पीएसआयच्या आसपास, चौथ्याला ११०. मेस्त्रींनी त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं, आकडा हलला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंग चांगल्या आहेत आणि गळती व्हॉल्व्हमधून आहे (रिंग गेल्या असत्या तर ऑइलने आकडा वर आला असता). टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) बघितले तर त्याच सिलेंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ठेवलेली गॅप जवळजवळ संपलेली, व्हॉल्व्ह त्याच्या सीटमध्ये, म्हणजे तो बंद होताना टेकतो त्या कड्यात, रुतत चाललाय. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं, पूर्वी ते शिसं सीटचं झिजणं थोपवायचं. आता कडक सीट बसवायच्या असं ठरलंय, आणि हे हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) आधी उघडलं होतं तेव्हाच सुचवायला हवं होतं, परत उघडायची मजुरी वाचली असती.

इंजिनसाठी पाचपैकी साडेचार, ब्रेकसाठी दीड. हेड परत याच मेस्त्रींकडे देतोय, पण या वेळी रबरचा प्रत्येक पार्ट मी स्वतः आणून देणार आणि कॅमला ग्रीस लावताना शेजारी उभा राहणार.