बँकॉकचा राजवाडा त्या दिवशी उघडा होता

त्या दिवशी राजवाडा उघडा होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. तोपर्यंत 21,000 बाट मोजून नीलमाची अंगठी आणि कर्णफुले आम्ही विकत घेतली होती, आणि ज्याच्यासाठी मुख्यतः बँकॉकला गेलो होतो तो ग्रँड पॅलेस मात्र पाहिलेला नव्हता. तिकडे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी वाचावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. त्यात आमचा स्वतःचा मूर्खपणाही झाकलेला नाही.

पहिला दिवस फार सुरेख गेला होता, आणि कदाचित त्यामुळेच आम्ही गाफील राहिलो. वाट फो या मंदिरातला 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, त्याच्या तळपायांवर मोतीशिंपल्यांच्या जडावकामात साकारलेली 108 शुभचिन्हे, आणि भाविक ओळीने मांडलेल्या 108 पात्रांत एकेक नाणे टाकत पुढे सरकतात तेव्हा दालनात भरून राहणारी किणकिण, हे सारे आजही डोळ्यांसमोर आणि कानांत आहे. संध्याकाळी चाओ फ्राया नदीच्या पलीकडच्या तीरावर वाट अरुण या मंदिराचे शिखर उजळताना पाहिले. परतताना बोटीच्या धक्क्यावर आमची छत्री राहिली, तर एक फळविक्रेती बाई ती घेऊन आमच्यामागे धावत आली. अनोळखी माणसावर विश्वास ठेवायला एवढे पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सनाम चाय मेट्रो स्थानकावर उतरून आम्ही राजवाड्याच्या पूर्वेकडील भिंतीच्या कडेने चालू लागलो. पर्यटकांसाठीचे प्रवेशद्वार उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर आहे, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. एका बंद दरवाजापाशी थबकलो, तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मध्यमवयीन गृहस्थ पुढे आला. आज बौद्धांचा पवित्र दिवस असल्याने दुपारी एकपर्यंत भिक्खूंची प्रार्थना चालेल आणि तोवर केवळ थाई नागरिकांना प्रवेश आहे, असे त्याने अत्यंत अदबीने सांगितले. दरवाजा तर समोर बंदच दिसत होता. वेळ वाया जाऊ नये म्हणून त्याने आमच्या नकाशावर तीन ठिकाणी खुणा करून दिल्या, एक टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, थांबवली आणि तिन्ही ठिकाणांच्या फेरीचे मिळून अवघे 20 बाट ठरवून दिले. तीन तासांच्या फेरीला 20 बाट कोणाला परवडतील, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही.

पहिला मुक्काम खरोखरच पाहण्याजोगा होता: 32 मीटर उंचीचा उभा, सोनेरी बुद्ध. दुसऱ्या, लहानशा मंदिरात चिटपाखरू नव्हते. फक्त एक सुटाबुटातला तरुण पत्नीची वाट पाहत बसला होता. आपण बँकेत नोकरीला आहोत, असे तो म्हणाला. बोलता बोलता त्याने सहज सांगितले की परदेशी ग्राहकांना रत्नांवर करमाफी देणारी सरकारी सवलत आजच संपते आहे, आणि आपल्या मधुचंद्राचा खर्च आपण असेच खडे परदेशात विकून भागवला होता. चालकाचा पुढचा थांबा नेमके रत्नांचेच दुकान निघाले, आणि ती अंगठी व कर्णफुले आम्ही तिथेच घेतली.

येथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण आम्ही एका माणसाच्या थापेला बळी पडलो नव्हतो. राजवाड्याजवळचा गृहस्थ, चालक, मंदिरातला तरुण आणि दुकानातली अगत्यशील विक्रेती, या चौघांचा परस्परांशी काही संबंध असेल असे आम्हाला वाटलेच नाही. उलट प्रत्येकाच्या बोलण्याने आधीच्याचे म्हणणे पक्के होत गेले. शिवाय त्यांच्या प्रत्येक थापेला सत्याचे अस्तर होते. थायलंडमध्ये चंद्रकलेनुसार बौद्धांचे पवित्र दिवस खरोखर असतात, पण त्यासाठी राजवाडा बंद होत नाही. बँकॉक ही रंगीत रत्नांची जगातली मोठी बाजारपेठ आहे, आणि चंथाबुरी प्रांत त्या व्यापारासाठी प्रसिद्धही आहे. परदेशी पर्यटकांना खरेदीवरचा सात टक्के मूल्यवर्धित कर अटींसह परत मिळतो, पण ती कायमची सोय आहे, आजच्या दिवसापुरती सवलत नव्हे.

दुकानानंतर एका शिंप्याकडेही नेण्यात आले. तेथे आम्ही काही घेतले नाही, तेव्हा चालकाचा चेहरा पडला. राजवाड्यापाशी त्याने आम्हाला सोडले तेव्हा पावणेचार वाजले होते, आणि तिकिटे साडेतीनपर्यंतच मिळतात.

रात्री पत्नीने खड्यांचे प्रमाणपत्र दिव्याखाली धरून शांतपणे वाचले. त्यात नीलम अस्सल असल्याची हमी होती. प्रत, रंगाची शुद्धता किंवा मूल्य यांविषयी एक अक्षरही नव्हते. हॉटेलच्या स्वागतकक्षातील मुलीला सगळी हकिकत सांगितली, तेव्हा तिने फारसे आश्चर्य न दाखवता पर्यटक पोलिसांचा 1155 हा क्रमांक लिहून दिला.

सकाळी पावती आणि प्रमाणपत्र घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने समजावून सांगितले की असे खडे बहुधा खरेच असतात, मात्र हलक्या प्रतीचे आणि कित्येक पटींनी महाग विकलेले. म्हणूनच ते नकली असल्याची तक्रार टिकत नाही. ग्राहक आणल्याबद्दल चालकांना पेट्रोलची कुपने किंवा दलाली मिळते, हेही त्याच्याकडूनच कळले. 20 बाटांचे कोडे तेव्हा सुटले. त्याने दुकानात दूरध्वनी केला. दुकानाने माल परत घेतला आणि 30 टक्के कापून 14,700 बाट कार्डावर जमा केले. कोणी आवाज चढवला नाही, कोणी क्षमाही मागितली नाही. त्यांच्या दृष्टीने हा रोजचाच व्यवहार असावा. आम्ही अजून शहरातच होतो म्हणून एवढे तरी मिळाले. मायदेशी परतल्यावर ही रक्कम वसूल करणे जवळजवळ अशक्य झाले असते.

चौथ्या दिवशी साडेआठच्या ठोक्याला, माणशी 500 बाटांचे तिकीट काढून आम्ही एकदाचे आत गेलो. 1782 मध्ये इथला राजा राम पहिला याने वसवलेला हा परिसर पाहायला अर्धा दिवसही अपुरा आहे. त्यातला पाचूचा बुद्ध जेमतेम 66 सेंटिमीटर उंचीचा आहे, आणि नाव पाचूचे असले तरी मूर्ती दुसऱ्याच हिरव्या दगडाची, बहुधा जेड किंवा जास्परची, आहे. नीलम परत करून आलेल्या माणसाला हे वाचून हसू येणारच. ओवऱ्यांच्या भिंतींवर थाई रामायणाची 178 चित्रे आहेत. त्या कथेतला हनुमान मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो, हे पाहून आमच्यासारख्या मारुतिभक्तांना प्रथम धक्का बसतो आणि मग त्या चित्रांसमोरून पाय निघत नाही.

बाहेर पडून आम्ही मुद्दाम पूर्वेच्या भिंतीकडे गेलो. त्याच बंद दरवाजापाशी तोच गृहस्थ उभा होता आणि एका वृद्ध परदेशी जोडप्याच्या नकाशावर खुणा करत होता. मी जवळ जाऊन, राजवाडा उघडा आहे आणि प्रवेश उत्तरेच्या बाजूने आहे, असे त्यांना इंग्रजीत सांगितले. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. वृद्ध गृहस्थाने खांद्यावरची पिशवी घट्ट पोटाशी धरली, मला उद्देशून काहीशा ताठरपणे "आभारी आहोत" म्हटले आणि पत्नीला हात देऊन टुकटुकमध्ये बसवले.