किर्लोस्कर एव्ही-१: जुनं इंजिन घेताना

विहिरीवर अजून डिझेल इंजिन ठेवणाऱ्यांच्या तोंडी एव्ही-१ हे नाव हटकून येतं. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारं, ८० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ११० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ५५३ सीसी. १५०० आरपीएमला ५ एचपी. आकडे साधेच, पण इंजिनाची खरी किंमत दुरुस्तीच्या वेळी कळते. पान्याचा एक संच आणि बऱ्यापैकी हात असलेला मेकॅनिक एवढ्यावर हेड उतरतं, व्हॉल्व्ह घासले जातात, रिंगा बदलतात.

हा स्वभाव घराण्यातूनच आला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं. नगरपालिकेनं जागा सोडायला लावली, तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडानं जमीन नासते ही शेतकऱ्यांची धास्ती, त्यामुळे पहिले लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे पंप आले, आणि १९४६ मध्ये पुण्यात इंजिनांसाठी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही वेगळी कंपनी निघाली. नांगरापासून इंजिनापर्यंत गिऱ्हाईक तेच, म्हणजे कारखान्यापासून लांब राहणारा शेतकरी.

आता जुनं इंजिन घेताना काय बघायचं ते. सौद्याला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. मालकानं आधीच तापवून ठेवलं असेल तर निवेपर्यंत थांबा, कारण गरम इंजिन बरेच दोष झाकतं. डीकॉम्प्रेशनची (सिलिंडरातला दाब सोडणारी) लिव्हर खाली ठेवून हॅन्डल हळू फिरवा. कॉम्प्रेशनला, म्हणजे आतली हवा दाबली जाते तिथं, हॅन्डल अडून मागे उसळी घ्यायला हवं. मऊ मऊ फिरत राहिलं तर रिंगा, लायनर (सिलिंडरचं आतलं नळकांडं) किंवा व्हॉल्व्ह गेलेत. सुरू करताना लिव्हर उचला, जोरात फिरवा, वेग आला की लिव्हर सोडा. अंगठा बोटांच्याच बाजूला हवा, मुठीत आवळू नका. उलटा झटका बसला तर मनगट जातं.

मग पंपाचा भार देऊन धूर बघा. काळा असेल तर डिझेल फवारणारा नोझल थेंब टाकतोय किंवा भार जास्त झालाय. निळसर म्हणजे तेल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर डिझेल नीट पेटत नाही किंवा सिलिंडरात पाणी उतरतंय. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं तर सौदा तिथंच थांबवा.

सगळ्यात जास्त घोळ थंड पाण्याचा होतो. पंपाच्या डिलिव्हरीवरून नळी घेऊन जॅकेटमधून (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतून) पाणी भसाभसा सोडतात आणि इंजिन थंडगार राहिलं म्हणून खूश होतात. अशा इंजिनात डिझेल अर्धवट जळतं, आम्लं धरतात आणि लायनर लवकर झिजतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात क्षणभरच टिकावा, इतका नळीचा कॉक आवळा. क्षाराचं पाणी असेल तर जॅकेटमध्ये थर बसतो, तो साफ करावा लागतो. उलट पंपानं पाणी ओढणं थांबवलं की थंडावाही बंद होतो. तेव्हा तापलेल्या हेडवर गार पाणी ओतू नका, तडा जातो.

डिझेलची टाकी कोरडी पडली तर नळीत हवा शिरते, मग नुसतं हॅन्डल मारून काही होत नाही. आधी फिल्टरचा, मग फ्युएल पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाऊ द्या, शेवटी नोझलचा नट.

पूर्ण भारावर तासाला लिटर-सव्वा लिटर डिझेल धरा. वीज नियमित असेल तर या खर्चाला अर्थ नाही, मोटरच बरी. आणि पाणी पंपापासून वीसएक फुटांहून खोल असेल तर इंजिन वर ठेवून ते ओढलं जाणार नाही. विहिरीत खाली टप्पा बांधून तिथं पक्क्या ओट्यावर बसवावं लागेल. ओट्याचे बोल्ट ढिले राहिले की कपलिंगची (इंजिन-पंप जोडणीची) रबरं झिजतात.