घरच्या वर्कशॉपला छताचे सहा एलईडी बॅटन: काही महिने वापरल्यावर

निकाल आधीच सांगतो. वॉट वाढवल्याने जेवढा फरक पडला, त्याहून जास्त फरक दिवे कुठे लावले यामुळे पडला.

खोली साधारण १२ चौरस मीटरची. लांब भिंतीला लागून वर्कबेंच, कोपऱ्यात लाकूड कातायचा छोटा लेथ, मध्ये टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत). पूर्वी छताच्या मधोमध एकच ट्यूब होती. बेंचपाशी उभं राहिलं की ती पाठीमागे जायची आणि स्वतःचीच सावली हातांवर पडायची, तीही नेमकी पटाशीची धार टेकवायची तिथे. गुण्या लावून ओढलेली पेन्सिलीची रेघ दिसावी म्हणून मान वाकडी करायची. त्याच जागी दुप्पट ताकदीचा दिवा लावला असता तरी ती सावली हटली नसती.

आता २० वॉटचे ४ फुटी बॅटन (ट्यूबसारखे लांब एलईडी दिवे) दोन रांगांत आहेत, रांगेत तीन-तीन. पहिली रांग बेंचच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर आहे. त्यामुळे उजेड डोक्याच्या मागून येत नाही, किंचित पुढून खाली पडतो. दुसरी रांग तिला समांतर, सॉ आणि लेथवरून जाणारी. एका बिंदूतून येणारा उजेड हाताने पूर्ण अडतो. लांब पट्टीतून येणाऱ्या उजेडाचा थोडाच भाग अडतो, उरलेला बाजूने आत शिरतो. म्हणून सावली पडते, पण कडा पुसट असतात आणि रेघ त्यातही दिसते. मला सगळ्यात जास्त समाधान याचंच आहे.

हिशोब सोपा आहे. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारा. एका बॅटनचे २००० लुमेन, सहांचे १२०००, भागिले १२ चौरस मीटर, म्हणजे १००० लक्स. हे कागदावर. भिंती आणि छत बराच उजेड खातात, त्यामुळे बेंचवर निम्मा किंवा थोडा जास्त पोचेल असं धरून चालावं. युरोपीय मानकात लाकूडकामाच्या यंत्रांसाठी ५०० लक्स आणि पॉलिश-रंगकामासाठी ७५० लक्स दिले आहेत. म्हणजे यंत्रांपुरतं भागतं, पॉलिशला कमी पडतं, आणि अनुभवही तसाच आहे. छताला पांढरा रंग दिला तो पैसा मात्र वसूल झाला. वर जाणारा उजेडही कामाला लागला.

रंगाचं तापमान, म्हणजे उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा (जास्त तेवढा निळसर), मी ४००० केल्विन घेतलं. ६५०० केल्विनचा दिवा दुकानात लख्ख वाटतो खरा, पण त्याखाली लाकूड निळसर आणि मेल्यासारखं दिसतं. तिथे जुळवलेला स्टेन (लाकडात मुरणारा रंग) दिवसाच्या उजेडात नेला की वेगळाच निघतो. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, ९० च्या वरचा घ्या. आणि पाकिटावर आर ९ चा, म्हणजे गडद लालाचा, आकडा असेल तर तोही बघा. सीआरआय आठ फिक्या रंगांवरून काढतात, गडद लाल त्यात नसतो, आणि तांबूस लाकडाचा सगळा जीव तर लालातच असतो.

आता लेथ असणाऱ्यांसाठी, इथे घाई करू नका. ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्त ड्रायव्हरचा (दिव्याला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटचा) दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही. पण चार जबड्यांचा चक (लेथवर लाकूड पकडणारा फिरता भाग) मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५ फेरे फिरत असेल, तर दर झगमगीला तो बरोबर पाव फेरा पुढे गेलेला असतो. एका जबड्याच्या जागी दुसरा येतो आणि फिरता चक उभा असल्यासारखा दिसू शकतो. बॅटन घेताना दुकानातच फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने तपासा. पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर ठेवून द्या. माझे या तपासणीत पास झालेले आहेत आणि चक फिरताना फिरतानाच दिसतो.

वायरिंग वायरमनकडून करून घेतलं. त्याला एकच गोष्ट आग्रहाने सांगितली: दिवे आणि यंत्रं एकाच एमसीबीवर (भार वाढला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) नकोत. जाड लाकडात सॉ अडकून एमसीबी पडला तर पातं लगेच थांबत नाही, आणि ते फिरत असताना अंधारात हात कुठे आहेत हे चाचपडायची वेळ येऊ नये. दोन्ही रांगांना वेगळी बटणंही आहेत, पण खरं सांगायचं तर मी दोन्ही एकदमच लावतो.

जिथे हे दिवे कमी पडतात ते म्हणजे काचकागदाचं काम. सगळीकडून सारखा येणारा उजेड ओरखडे लपवतो. वरच्या दिव्यांखाली गुळगुळीत वाटलेल्या फळीवर पॉलिशचा पहिला हात फिरवला की आडव्या रेघा उठून दिसतात. उपाय छतावर नाही. एक हलवता येणारा दिवा फळीच्या पातळीला, जवळजवळ आडवा धरा. बारीक ओरखड्यालाही सावली पडते आणि तो सापडतो. छताचे दिवे कितीही वाढवले तरी हे काम त्यांच्याकडून होणार नाही.

दुधी कव्हर असलेलेच घ्या, ड्रिलकडे वाकून वर बघताना डोळे दिपत नाहीत. भुसा मात्र कव्हरवर बसतोच. बटण बंद करून कोरड्या फडक्याने पुसलं की झालं. सॅंडर (लाकूड घासायचं यंत्र) रोज चालत असेल तर आयपी ६५ चे, म्हणजे धूळ आत न जाणारे, बंदिस्त फिटिंग बघा, बारीक धूळ आतल्या ड्रायव्हरपर्यंत जात नाही.

मधल्या काळात एका बॅटनचा ड्रायव्हर गेला. वॉरंटीत बदलून मिळाला, पण नवा वेगळ्या लॉटचा निघाला. पाकिटावर ४००० केल्विनच आहे, तरी शेजारच्यापेक्षा तो किंचित पिवळा दिसतो. तो मी लेथवरच्या रांगेत सरकवला आणि तिथला जुना बेंचवर आणला, कारण रंग जुळवायचं काम बेंचवरच होतं. तुम्ही घेताना त्याच लॉटमधला एक जास्तीचा घेऊन ठेवा.